हालचाल आहे म्हणजे ठीक

२ फेब्रुवारी

आज दिवसभर बसून मी खुर्ची म्हणजे काय ते लिहिलं, आणि याचा मला पगार मिळणार आहे. कॉलेजात हेच शिकवायचे तेव्हा मुलं खिडकीबाहेर बघायची. मग मुलंच यायची बंद झाली, तत्त्वज्ञान विभागाला कुलूप लागलं आणि ऐन सत्तेचाळिशीत मी या कंपनीच्या दारात उभी राहिले.

कंपनी घरातल्या वस्तूंना एकमेकींशी जोडते. दिवा, दार, पलंग, चहाची किटली, सगळ्यांनी मिळून घराला सांगायचं की आत काय चाललंय. पण वस्तूंना बोलायचं तर शब्द लागतात आणि शब्दांना अर्थ लागतो. दार ‘उघडं’ म्हणजे किती उघडं? खोलीत ‘कोणीतरी आहे’ म्हणजे काय, आणि मांजर हे कोणीतरी आहे का? असल्या गोष्टी ठरवायचं काम माझं. मी ठरवते, आणि शेजारी बसणारी बाई ते यंत्राच्या भाषेत लिहिते. तिला सगळं ऑफिस ‘कंस’ म्हणतं. कुणी एक कंस बंद करायचा विसरला तर ती पुराणातल्या कंसापेक्षा कडक होते. आज दुपारी म्हणाली, मॅडम, मांजराचं काय ते ठरवून ठेवा, मी जेवून येते.

आमचे साहेब सगळ्यांना घाईसाहेब म्हणून ठाऊक आहेत. त्यांना खुर्ची कालच हवी होती.

९ फेब्रुवारी

धाकट्या भावाचं आणि माझं पुन्हा अप्पांवरून वाजलं. आई गेल्यापासून अप्पा त्या दोन खोल्यांत एकटे राहतात. मी रेल्वेने चार तासांवर, धाकटा तर समुद्रापलीकडे. त्याचं म्हणणं, या वयात एकटं ठेवणं बरोबर नाही, मी घेऊन जातो इकडे. अप्पा जायला तयार नाहीत. आयुष्यभर बस स्टँडवर तिकिटाच्या खिडकीत बसलेला माणूस, दिवसाला हजार माणसांशी बोललेला. तिकडे त्यांची भाषा कळणारं कोण आहे? धाकटा आणि त्याची बायको दिवसभर कामावर. अप्पा मला म्हणाले, तिकडे नेलंत तर मी वर्षभरात मरेन बघ, आणि तेही गप्प बसून.

शेवटी मीच तोडगा काढला. आमच्या कंपनीला चाचणीसाठी खरं घर हवंच आहे. अप्पांचं घर जोडून घेऊ. घराने रोज सांगितलं की अप्पा ठीक आहेत, तर अप्पा तिथेच राहतील. घराने लाल संदेश पाठवायला सुरुवात केली तर धाकटा त्यांना घेऊन जाईल. संदेश आम्हा दोघांनाही येतील. धाकटा कबूल झाला. अप्पांना यातलं लाल-हिरव्याचं काही सांगायचं नाही असं ठरलं, उगाच परीक्षेला बसल्यासारखं वाटेल त्यांना.

१५ फेब्रुवारी

अप्पांचं घर जोडून झालं. भिंतीवर पांढऱ्या डब्या बसवल्या, त्यांना हालचाल कळते. दाराला, पलंगाला, दिव्यांना आणि किटलीला एकेक. अप्पा स्टुलावर बसून बघत होते आणि दर पाच मिनिटांनी मला ‘मास्तरीणबाई’ म्हणून काहीतरी विचारत होते. मी खुलले. इतक्या वर्षांत इतका चांगला विद्यार्थी मिळाला नव्हता.

मी त्यांना नीट समजावलं. जुने पंडित म्हणायचे की नसणंसुद्धा कळण्याचं एक साधन आहे. जमिनीवर घडा असता तर दिसला असता; दिसत नाही, म्हणजे नाही. त्याला ते अनुपलब्धी म्हणत. तसंच हे. तुम्ही रोज सकाळी उठल्यावर किटली लावता. दहापर्यंत किटली लागली नाही, तर घर समजेल की काहीतरी बिनसलंय, आणि मला संदेश येईल.

“म्हणजे किटली लावली नाही की तुला लगेच कळणार?”

“लगेच.”

“मग तू काय करणार?”

“दुसरं काय, फोन करणार तुम्हाला.”

अप्पांनी मान हलवली आणि बराच वेळ किटलीकडे बघत बसले. मला वाटलं, त्यांना अनुपलब्धीचं कोडं पडलंय. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई किल्ली घ्यायला वर आल्या होत्या, अडीअडचणीला त्यांच्याकडे एक किल्ली असते. त्यांना अप्पा म्हणाले, आता माझी लेक भिंतीत राहायला आली.

१८ फेब्रुवारी

व्याख्यांची बैठक ऐन रंगात असताना अप्पांचा फोन. कापला. नंतर करते असं कळवलं आणि विसरले. कालही असंच झालं. आठवलं तेव्हा त्यांची झोपायची वेळ होऊन गेली होती. बरं, त्यांचं तातडीचं काही नसतंच. खिडकीतले जुने किस्से असतात, आणि तेही ऐकलेले.

२६ फेब्रुवारी

पहिला लाल संदेश. दहा वाजले आणि किटली लागली नाही. लिहीत होते ते तसंच टाकून फोन लावला. अप्पांनी पहिल्या रिंगलाच उचलला. आवाज ठणठणीत. म्हणाले, अगं विसरलोच बघ किटली. मग म्हणाले, आलाच आहे फोन तर ऐक, आणि तिकिटासाठी रांगेत भांडलेल्या नवराबायकोचा किस्सा सुरू केला. जीव भांड्यात पडला होता म्हणून मी थोडा ऐकला. मग घाईसाहेब काचेबाहेरून हातवारे करायला लागले. अप्पांना कळलंच असावं. स्वतःच म्हणाले, चला, रांग वाढली, पुढचे कोण?

यंत्र मात्र चोख चाललं. कंसला मिठी मारावीशी वाटली, मारली नाही.

५ मार्च

या आठवड्यात पुन्हा दोनदा. एकदा म्हणे डोळाच उघडला नाही, एकदा म्हणे चहा नकोसा झाला होता. दोन्ही वेळा अप्पा ठणठणीत, फोन हातातच असल्यासारखे. मी आपली ‘ठीक आहात ना, मग झालं’ म्हणून ठेवते. त्यांचा किस्सा अर्धाच राहतो.

धाकट्याचा फोन आला. “ताई, तीन लाल झाले. विसरायला लागलेत ते. मी तिकीट बघतो त्यांचं.” मी म्हटलं, थांब, दोष अप्पांत नाही, व्याख्येत आहे. तो म्हणाला, तुझं नेहमीचंच. घर पेटलं तरी तू आधी आगीची व्याख्या करशील.

१२ मार्च

पुन्हा लाल. पुन्हा अप्पा ठीक. आता मला राग यायला लागलाय. अप्पांचा नाही, त्या नियमाचा. अप्पांची बॅग भरली जाईल ती माझ्या एका ढिसाळ वाक्यामुळे, आणि ते मला सहन होणार नाही. माझ्या भरवशावर ते त्या घरात आहेत.

दुपारी कंसने हळूच विचारलं, तुमचे वडील गुरुवारी आणि सोमवारीच का विसरतात? मी म्हटलं, योगायोग. दोन दिवसांवरून नियम काढायचा नसतो, तो हेत्वाभास होईल. ती म्हणाली, तसं नाही मॅडम, तुमची मोठी बैठक मंगळवारी आणि बुधवारी असते ना, म्हणून विचारलं. मला तिचा मुद्दा कळला नाही. ती चांगली आहे, पण तिला तर्कशास्त्राची बैठक नाही.

१८ मार्च

सापडलं. इतकं सोपं होतं की हसू आलं.

व्याख्या दोन प्रकारे चुकते. फार अरुंद झाली तर जे आत यायला हवं ते बाहेर राहतं, ती अव्याप्ती. फार सैल झाली तर जे बाहेर राहायला हवं ते आत येतं, ती अतिव्याप्ती. मी ‘ठीक’ची व्याख्या फार अरुंद केली होती. चहा न घेणारा माणूससुद्धा ठीक असू शकतो! माणूस ठीक असल्याचं खरं लक्षण चहा नाही, हालचाल आहे. तेव्हा आता असं: किटली लागली नाही, पण घरात हालचाल आहे, तर अप्पा ठीक. संदेश नको.

कंसने ते लिहिलं. लिहिताना म्हणाली, त्यांना सांगून टाका नियम बदलला म्हणून. मी म्हटलं, त्यांना काय करायचंय त्याचं, त्यांनी सुखाने राहावं.

३१ मार्च

दोन आठवडे एकही लाल नाही. धाकट्याने तिकिटाचं नाव काढलेलं नाही. मी जिंकले, आणि माझ्यापेक्षा अप्पा जिंकले. त्यांचं घर त्यांच्यापाशी राहिलं. कंस सांगत होती की किटली मधूनमधून बंदच असते, कधी सलग दोन दिवससुद्धा. पण हालचाल भरपूर, घर गप्प. हेच तर हवं होतं.

आज संध्याकाळी अप्पांनी स्वतः फोन केला. फार दिवसांनी. थोडे चाचरतच होते.

“ते मशीन चालू आहे ना गं?”

“एकदम झकास चालू आहे अप्पा.”

“नाही, म्हटलं बिघडलं की काय. बरं बरं. चालू आहे ना. कामात असशील.”

माझ्या कामाची एवढी चौकशी कधी धाकट्यानेही केली नाही. मला भरून आलं. पुढच्या महिन्यात दोन दिवस जाऊन राहायचं त्यांच्याकडे.

१४ एप्रिल

पुढच्या आठवड्यात आमची व्याख्या सगळ्या घरांत बसवणार. साहेबांनी आज सगळ्यांसमोर सांगितलं की बाईंनी ‘ठीक’ या शब्दाला शिस्त लावली. तत्त्वज्ञान पोट भरत नाही म्हणणाऱ्यांना बोलावून आणावंसं वाटलं. अप्पांकडे या महिन्यात जाणं जमत नाहीसं दिसतंय. मे मध्ये नक्की.

२२ एप्रिल

आज सादरीकरण होतं. बाहेरची मंडळी आली होती. साहेबांना खरं घर दाखवायचं होतं, म्हणून अप्पांचं घर पडद्यावर लावलं. नुसता नकाशा आणि ठिपके हो, अप्पा दिसत नाहीत, तेवढी अब्रू आम्ही राखतो. किटली बंद होती. मी म्हटलं, बघा, जुन्या नियमाने आत्ता इथे धावपळ झाली असती. आणि आता? पडद्यावर हिरवं: ठीक. पॅसेजमधला ठिपका सारखा लुकलुकत होता. पाहुण्यांपैकी एक जण म्हणाले, तुमचे वडील भलतेच उत्साही दिसतात, येरझाऱ्या घालताहेत. सगळे हसले. मीही हसले. म्हटलं, खिडकीत बसून आयुष्य गेलं, आता चालण्याची हौस फेडून घेताहेत.

दुपारी पुन्हा बघितलं, तरी येरझाऱ्या चालूच. ठिपका जरा मंदावला होता. दमले असतील.

टाळ्या झाल्या. सगळ्या घरांत नियम आजच सुरू झाला. घरी येऊन हे लिहायला बसले तर आता शिंपीणबाईंचा फोन येतोय, त्यांना माझा नंबर

२४ एप्रिल

हॉस्पिटल. अप्पा सकाळी बाथरूममधून येताना पॅसेजमध्ये पडले. खुब्याचं हाड मोडलं. संध्याकाळी शिंपीणबाई त्यांचा शिवलेला पायजमा द्यायला वर गेल्या, दार वाजवलं, कोणी उघडेना म्हणून किल्ली लावली. दिवसभर ते तिथे फरशीवर होते. दिवसभर.

काल ऑपरेशन झालं. मी धाकट्याला कळवलं. तो ओरडला नाही. म्हणाला, ताई, मी दिवसभर बघत होतो गं, ठीक होतं. एवढंच दोनदा म्हणाला. तो निघालाय.

२५ एप्रिल

अप्पा बोलले. लिहवत नाही, पण लिहिते, नाहीतर उद्या मी त्याला काहीतरी दुसरं नाव देईन.

मी विचारलं, अप्पा, हाक का नाही मारली? खाली शिंपीणबाई होत्या, कुणीही आलं असतं. ते माझ्याकडे असं बघायला लागले की जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं.

“हाक कशाला मारू? किटली लागली नव्हती ना. म्हटलं, दहा वाजले की तुझा फोन येईल. नाही उचलला तर तू धावत येशील.”

मी त्यांची चादर सारखी केली.

“मधे दोन-चारदा नाही आला तुझा फोन. पण तू म्हणालीस मशीन चालू आहे. म्हटलं कामात असशील, दुपारपर्यंत बघशील. आणि तोवर मी आपला त्या डबीकडे बघून हात हलवत होतो. तुला दिसावं म्हणून.”

मी त्यांचा हात धरला. तोच हात. कोपरापासून खाली सुजला होता. मग मी विचारलं, कारण विचारल्याशिवाय राहवेना: आधी जेव्हा जेव्हा किटली राहायची, तेव्हा खरंच विसरायचात का?

अप्पा चोरी पकडल्यासारखे हसले. म्हणाले, दोन दिवस बैठकांत असायचीस, तेव्हा नाही त्रास दिला कधी. आवाज ऐकावासा वाटला की त्या दिवशी चहा उशिरा घ्यायचो, एवढंच. तुझा फोन येऊन गेला की लगेच घ्यायचो.

कंसला कळलं होतं. तिने मला जवळजवळ सांगितलं होतं, आणि मी तिच्या तर्कशास्त्रात खोट काढली. माझ्या बापाने मला हाक मारण्याची एक रीत शोधून काढली होती, मीच शिकवलेल्या नियमातून, आणि मी ती बंद केली. तीही त्यांच्या भल्यासाठी. मला रडूसुद्धा नीट येईना.

ते म्हणाले, आज बैठक नाही का तुला? मी म्हटलं, नाही, कुठलीच नाही, सांगा ते नवराबायकोचं पुढे काय झालं. त्यांनी सांगायला तोंड उघडलं, पण दम लागला. म्हणाले, उद्या.

२७ एप्रिल

छातीत कफ भरलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढा वेळ गार फरशीवर पडून होते, या वयात फुप्फुसं भरतात. धाकटा पोहोचला. आम्ही दोघं पलंगाच्या दोन बाजूंना. अप्पांना ऑक्सिजन लावलाय, बोलता येत नाही. मीच बोलत राहते. काय बोलू सुचत नाही, मग ऑफिसातल्या मांजराच्या व्याख्येचं सांगितलं. डोळ्यांनी हसले ते.

२९ एप्रिल

अप्पा पहाटे गेले.

१२ मे

धाकटा परत गेला. जाताना स्टेशनवर म्हणाला, तू त्यांना तिथेच ठेवायला बघत होतीस, मी तिकडे न्यायला बघत होतो, आणि दोघांनीही त्यांना एकदा विचारलं नाही गं की दिवसभर काय करता.

आज कामावर गेले. घाईसाहेब उठून उभे राहिले, चांगलं बोलले, खरंच चांगलं बोलले. मग म्हणाले, ती घटना आपण अपवाद म्हणून नोंदवू आणि व्याख्या थोडी आवळू, आडवा माणूस आणि उभा माणूस यांतला फरक डबीला शिकवता येईल. येईलही. चांगलं आहे ते, व्हायलाच हवं. पण आडवं न पडताही अप्पा कित्येक दिवस फरशीवरच होते, आणि ते कुठल्या डबीला कळेल हे मला सांगता येईना. साहेबांनी सोमवारपर्यंत नवा मसुदा मागितला. मी हो म्हटलं.

मग कंसकडे गेले. म्हटलं, आज ज्या घरांत किटली लागलेली नाही, पण माझ्या नियमाने ठीक दिसतंय, ती सगळी घरं मला दाखव. तिने कशाला म्हणून विचारलं नाही. पडद्यावर घरं आली. बरीच होती. सगळी हिरवी. निम्मे नंबर तिने स्वतःकडे घेतले आणि खुर्ची जवळ ओढली.

माझा पहिला फोन एका बाईंना लागला. आवाजावरून अप्पांच्याच वयाच्या. कंपनीतून बोलतेय म्हटल्यावर घाबरल्या.

“किटली लावायची राहिली माझी. काही चुकलं का हो?”

“नाही आजी. काही चुकलं नाही तुमचं. सहज फोन केला.”

पलीकडे टीव्ही बंद केल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, “वेळ आहे का तुम्हाला?”

मी आहे म्हटलं. त्यांनी गुडघ्यापासून सुरुवात केली, मग सुनेवर आल्या, मग नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणावर, आणि मग पुन्हा गुडघ्यावर. घाईसाहेब एकदा येऊन काचेबाहेर उभे राहिले आणि परत गेले. मी मध्ये काही बोलले नाही, घाई केली नाही, फक्त हं म्हणत राहिले. फोन ठेवला तेव्हा दुपार उलटून गेली होती. अप्पांशी मी एकदाही एवढा वेळ बोलले नव्हते.